नियोजितातून जाणारी वाट

शेवटची बकेट आम्ही दोघांनी, मी आणि बायकोनं, मिळून उचलली. कडी एक, हात दोन. एक तिचा, एक माझा. भरलेली बकेट एकट्यानं उचलायची तर तिचे गुडघे नाही म्हणत आणि माझी कंबर. दोघं मिळून एक धड माणूस होत होतो, तेवढ्यावर काम भागत होतं. ती पुढं ओढायची, मी मागं राहायचो. बकेट तिरपी व्हायची आणि पाणी माझ्याच पायजम्यावर सांडायचं.

"तुमाले बकेटही सरळ धरता येत नाही," ती म्हणाली.

"तू सरळ चाल. बकेट आपोआप सरळ होते."

"मी सरळच चालून राह्यली. तुमीच बुढ्या बैलावानी पाय भलतीकडं टाकता."

हे रोजचं बोलणं होतं. त्या दिवशी त्यात काही वेगळं नव्हतं. असतं तर मी लक्ष देऊन ऐकलं असतं.

त्या दिवशी सकाळी नळ आला होता. आमच्या लेआउटात नळ रोज येत नाही. येतो तेव्हा घरोघरी लगीनघाई असते. पाण्याला जोर नाही म्हणून प्रत्येकानं दारापुढं खड्डा खणून नळ खाली नेला आहे. त्या खड्ड्यात उतरून भांडं लावायचं. ड्रम, पितळी गुंड, घागर, पातेलं, डबा, जे भरता येईल ते तिनं भरलं. मग कपडे धुतले. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी तिनं आजवर कधी नालीत सोडलं नाही. ते बकेटीत धरायचं आणि संध्याकाळी करंजाला नेऊन घालायचं.

करंज तिनंच लावला होता. लिंब का नाही, आंबा का नाही, असं लोक विचारायचे. ती सांगायची, करंजाले बकरी तोंड लावत नाही. एवढंच कारण. आता त्याची सावली पडते, तर कारण कोणी विचारत नाही.

पाणी घातल्यावर ती बुंध्याजवळच्या दगडावर बसली. मी उभाच राहिलो, कारण खाली बसलो की उठायला वेळ लागतो.

"उद्या ते चुनेवाले येनार हायेत," ती म्हणाली. "तुमी इथं येजा. वाट बंद करू देऊ नोका."

"मी काय बोलू त्याईले?"

"बोलू नोका. तुमाले बोलता येत नाही. नुसते उभे राह्यजा."

"तूच राह्य उभी."

"मी तं हावच. तुमी सोबत राह्यजा म्हनलं."

मग आम्ही रिकामी बकेट घेऊन घरी आलो. रिकामी बकेट ती एकटी धरायची.

आता ही वाट कोणती आणि चुनेवाले कोण, ते सांगावं लागेल.

मी बाभुळगावकडचा. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजी चांगले होते म्हणून. पुढं यवतमाळला जिनिंगात लागलो. कापूस आला की काम, संपला की दुसरं काम. दोघांनी कसंतरी करून शहराच्या टोकाला एक प्लॉट घेतला. लेआउट म्हणजे शेताचे तुकडे पाडून मधून रस्ते सोडलेले, दुसरं काही नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा अंगणात पऱ्हाटीची धसकटं निघायची. ती म्हणायची, बरं झालं, चुलीचं काम झालं.

आमची गल्ली सगळ्यात खालची. पुढं नाला, म्हणून तिथंच संपते. वरच्या अंगाला मोठा रस्ता. आटो तिथं थांबतात. रेशनचं दुकान तिथं, दवाखाना तिथं, किराणा तिथं. देवानं आणि नगरपालिकेनं जे काही दिलं ते वरच्या रस्त्यावर दिलं. खालच्या गल्लीला नाला दिला.

या दोघांच्या मधात मोकळी जागा आहे, करंज आहे ती. लेआउटात अशी जागा सोडावीच लागते, कायदा आहे म्हणतात. कागदावर तिला ओपन स्पेस म्हणतात. त्या जागेतून तिरपी वाट जाते. ती कोणी आखली नाही. खालच्या गल्लीतल्या बायका डोक्यावर राशन घेऊन येत गेल्या, वाट पडत गेली. तिच्यावर गवत उगवत नाही. आमची बायको दिवसातून कितीदा त्या वाटेनं जायची हे तिलाही सांगता आलं नसतं.

फार पूर्वी तिथं एक टिनाचा बोर्ड लागला. त्याच्यावर लिहिलं होतं, नियोजित उद्यान. एका उन्हाळ्यात वावटळ आली आणि बोर्डाचा अर्धा पत्रा घेऊन गेली. खालचा. वरचा राहिला. त्याच्यावर नुसतं नियोजित.

तेव्हापासून त्या जागेचं नाव नियोजित पडलं. बायका म्हणायच्या, नियोजितात बसलो होतो. लेकरं म्हणायची, नियोजितात खेळून राह्यलो. सासरी गेलेल्या पोरी माहेरी आल्या की विचारायच्या, नियोजित अजून तसंच हाय का वं माय. आटोवाल्याला घरचा पत्ता सांगायची गरज नव्हती. नियोजित म्हटलं की तो बरोबर आणून सोडायचा. आमच्या नातेवाईकांमध्ये तर असा समज होता की ते कोणीतरी मोठे पुढारी होऊन गेले असावे.

मलाही नाव चांगलंच वाटायचं. चौथीच्या पुस्तकात हा शब्द नव्हता.

मग मागच्या हिवाळ्यात नगरपालिकेची बगिच्यासाठी सभा भरली. नियोजितातच भरली. सतरंजी टाकली, खुर्च्या मांडल्या आणि एक मोठा पडदा लावला. त्याच्यावर चित्रं दाखवणार होते. पण सभा दुपारची होती आणि ऊन समोरून. पडद्यावर काहीच दिसलं नाही. इंजिनिअर साहेब मात्र मनापासून सांगत होते. तरणा माणूस, उन्हानं लाल झालेला. हे पाहा इथं लॉन, हे पाहा इथं चालायचा ट्रॅक, हे पाहा इथं पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा. आम्ही पांढऱ्या पडद्याकडं पाहून माना हलवल्या.

साहेब म्हणाले, ही शाश्वत वस्ती होणार.

समोरच्या घरची बाई माझ्या बायकोच्या कानाशी लागली. "शाश्वत म्हनजे काय वं?"

बाजूच्या गल्लीतले रिटायर गुरुजी मागंच बसले होते. शब्द पडला की उचलायचा, ही त्यांची सवय अजून गेली नाही. ते म्हणाले, "शाश्वत म्हणजे टिकाऊ."

"चपलीवानी?" बायको म्हणाली.

"चपलीपेक्षा जास्त."

"मंग ठीक हाय."

नंतर साहेबांनी कागद उघडून खुर्चीवर ठेवला, तेव्हा ती उठून पुढं गेली. गुडघे धरत गेली. म्हणाली, "साहेब, आमचं घर कोनतं याच्यात?"

साहेबांनी नंबर विचारला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"अन् दरवाजा?"

"तुमच्या घराचा?"

"बगिच्याचा."

साहेबांनी बोट वरच्या रस्त्यावर नेलं. "मेन गेट इथं. बाकी चारही बाजूंनी भिंत. नाहीतर गुरं घुसतात, रात्री प्यायला बसतात लोकं."

हे खोटं नव्हतं. बसतातच. दुसऱ्या दिवशी बाटल्या तीच उचलायची. पण ती कागदाकडं पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी भिंत कुठून चालली हे समजलं.

"मंग आमी वर जाचं कुठून?"

"नाल्याच्या बाजूनं रस्ता आहे ना, आजी."

"तो फेरा पडते. पान्याच्या दिवसात चिखल असते तिथं."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, समजावायचं म्हणून हसले. "आजी, तुम्हाला आत चांगला ट्रॅक करून देतोय. सकाळी मस्त गोल गोल चालायचं."

"गोल गोल चालून कुठी जाईन?"

"कुठं जायचं नाही. व्यायाम."

"मी काय पागल हाव? आमी पोचासाठी चालतो साहेब."

लोक हसले. साहेबही हसले. पण ती हटली नाही. तिथंच कागदावर हात ठेवून उभी. साहेबांना दुसरीकडं जायचं होतं, घड्याळ पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "आजी, तुमच्या बाजूचं गेट पुढच्या टप्प्यात नियोजित आहे."

झालं. ती वळली. तिचं तोंड मला आजही दिसतं. खालच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांची तोंडं तशीच. गेट नियोजितात आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मीही ऐकलं. आपलं गेट नियोजितात नाही तर कुठं राहणार?

त्या संध्याकाळी तिनं भरड्याची भजी केली. समोरच्या बाईकडं दिली, तिनं आणखी कोणाला दिली. मला म्हणाली, "पाह्यलं का, बोललं की होते. तुमी लय घाबरता."

मी भजी खात होतो. घाबरत नव्हतो. पण सांगून काय करणार.

काही दिवसांनी गुरुजी वाटेनं चालले होते, रेशनच्या दुकानाकडं. ती करंजाखाली बसली होती. तिनं आनंदानं त्यांना सांगितलं, की गुरुजी, आमचा दरवाजा पास झाला. गुरुजींनी विचारलं, कोण म्हणालं. ती म्हणाली, साहेब म्हणाले ना, नियोजित हाय. गुरुजी थांबले. शब्द चुकीचा वापरलेला त्यांना सहन होत नाही.

ते म्हणाले, "बाई, नियोजित म्हणजे झालेलं नाही. नियोजित म्हणजे करायचं ठरवलेलं."

"म्हनजे कधी करतेत?"

"ते नियोजितात नसतं."

ती थोडा वेळ बोर्डाकडं पाहत बसली. बोर्ड अजून तिथंच, अर्धा.

"म्हनजे हा शब्द म्हनते काय, की इथं काही तरी होनार हाय, पन हाय नाही?"

"हो. तसंच."

"मंग आमी इतके वर्षं कुठी बसून राह्यलो, गुरुजी?"

गुरुजी म्हणाले, "बसलात ते उघड्यावर." आणि रेशनला गेले. पिशवी रिकामी होती, वजन नव्हतं, तरी हळू चालले, असं ती म्हणाली.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं चहा ठेवला आणि उतू जाऊ दिला. असं कधी होत नसे. मला म्हणाली, "त्यानं मले फसवलं नाही. आपलंच नाव आपल्याले समजलं नाही." मग सांडलेलं पुसलं.

ती तशी रडणारी बाई नव्हती. तिनं दुसरं काम केलं. तिच्या बहिणीचा जावई नगरपालिकेत पाणी सोडायला आहे. त्याच्या मागं लागली, पुन्हा लागली. शेवटी साहेबांचा निरोप आला, की नकाशा मंजूर झाला आहे, आता कागदावर काही होणार नाही, पण जागेवर आखणी करताना पाहू. आखणी म्हणजे भिंत जिथून जाणार तिथं चुन्याची रेघ मारायची. रेघ एकदा पडली की पाया खणतात. पाया खणला की झालं.

म्हणून ती मला म्हणत होती, उभे राह्यजा.

आता त्या संध्याकाळचं. बकेट ठेवून ती आत गेली आणि म्हणाली, "मले जरा पडू द्या. दिवा लावाच्या टायमाले उठवजा." मी बाहेर ओट्यावर बसलो. दिवा लावायची वेळ झाली. मी उठवायला गेलो.

दवाखान्यातला डॉक्टर लगेच आला. नियोजितातून आला, म्हणून लगेच आला. फेऱ्यानं आला असता तरी फरक पडला नसता, असं तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. तोच म्हणाला.

पोरगा पुण्याला असतो. त्याला फोन गेला. तो निघाला म्हणून सकाळपर्यंत थांबायचं ठरलं.

सकाळी घर भरलं. पोरगा आला, आईच्या पायाशी बसला. बायका आत, माणसं बाहेर. एक जण दुसऱ्याला सांगत होता, की नवऱ्याच्या आधी गेली, कुंकवानं गेली, नशीबवान. हे मला ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानं सांगत होता. मला बरं वाटावं म्हणून. मी म्हटलं, माह्या नशिबाचं कोनी बोलत नाही. तो चांगला माणूस होता. दरवाजा धरून उभा राहिला.

तिला हिरवं लुगडं नेसवत होते. तेवढ्यात समोरच्या घरची बाई बाहेर आली. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबाजी, घरातलं भरलेलं पानी ओतून टाकावं लागते. मयतीच्या घरी ठेवत नाही."

मला रीत माहीत होती. माझ्या आईच्या वेळी असंच केलं होतं. पण तेव्हा गावात विहीर होती. इथं ड्रम भरलेला. गुंड भरलेले. तिनं काल खड्ड्यात उतरून एकेक भांडं भरलं होतं.

"कुठी ओतू?" मी विचारलं.

"नालीत."

"नालीत नाही."

"बाबाजी, आजच्या दिवशी असं करू नोका. लोकं पाह्यतेत."

"ओततो म्हनलं ना. नालीत नाही म्हनलं."

पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा. मी ओततो."

"तू आईजवळ बस."

मी बकेट घेतली. ड्रममधून डब्यानं अर्धी भरली. भरलेली एकट्याला उचलत नव्हती. कंबर धरली आणि निघालो. माणसं बाजूला झाली. पागल झाला असं त्यांना वाटलं असावं. वाटू दे. नियोजितात गेलो, करंजाला पाणी घातलं, परत आलो. पुन्हा भरली.

दुसऱ्या खेपेला पाहतो, तर चुनेवाले आलेले. साहेब, एक दोरीवाला आणि एक चुन्याचं घमेलं धरलेला. त्यांना आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. त्यांनी नाल्याच्या कोपऱ्यापासून दोरी ताणली होती आणि चुनेवाला रेघ मारत येत होता. पांढरीशुभ्र, सरळ. मी पाहिलं तेव्हा रेघ वाटेवरून पार झाली होती.

ती म्हणाली होती, उभे राह्यजा. पण माझ्याजवळ उभं राहायला वेळ नव्हता. घरात अजून भरलेले गुंड होते. मी बकेट घेऊन रेघेवरून गेलो. पाणी घातलं. रेघेवरून आलो.

मयतीला लोक येत होते. वरच्या रस्त्यावर आटोतून उतरत होते आणि सगळे त्याच वाटेनं खाली येत होते. बाभुळगावकडचे आले, तिच्या माहेरचे आले, जिनिंगातले जुने गडी आले. पायात चपला, वहाणा, काही अनवाणी. आमच्या घरी येताना कोण खाली पाहून चालणार. रेघेवरून येत होते. मी जात-येत होतो. थोड्या वेळात वाटेवर रेघ उरली नाही. दोन्ही बाजूंनी पांढरी आणि मधात माती. लोकांच्या चपलांना चुना लागून तो आमच्या ओट्यापर्यंत आला.

चुनेवाल्यानं साहेबांना विचारलं, "साहेब, पुन्हा मारू काय?"

साहेब वाटेकडं पाहत होते. मी पाणी घालून परत निघालो होतो, तेव्हा मला म्हणाले, "बाबाजी, इथून एवढे लोक येतात?"

"कोनी मेलं की येतात. नाही मेलं तरी येतात."

"कोण गेलं?"

"तुमाले दरवाजा इचारत होती ती."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. उन्हाची टोपी होती. हातात धरून उभे राहिले. मीही बकेट धरून उभा राहिलो. म्हणजे शेवटी उभा राहिलो, एवढं तिला सांगता आलं असतं.

साहेब म्हणाले, "मी गेटचं घेतो याच्यात."

"म्हनजे नियोजित?"

त्यांना तो शब्द आठवला असावा. मग दोरीवाल्याला म्हणाले, "दोन खुंट्या आण." मला विचारलं, "किती रुंद ठेवायचं?"

मी म्हटलं, "मयतीची गाडी वरच्या रस्त्यावर उभी हाय. आमच्या गल्लीत वळत नाही ती. आता तिले इथूनच नेनार. चौघं जनं तिरडी घेऊन निघतील, एवढं ठेवा. थांबा थोडं, समोरच पाह्यजा."

"नको," साहेब म्हणाले. "समजलं."

दोरीवाल्यानं वाटेच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक खुंटी ठोकली. दगडानं ठोकत होता, तो आवाज घरापर्यंत जात होता. चुनेवाला खुंटीपाशी थांबला आणि पलीकडच्या खुंटीपासून पुन्हा सुरू झाला.

घरून हाक आली, की सगळं तयार आहे. ड्रमच्या तळाशी थोडं पाणी राहिलं होतं. ड्रम तिरपा करून ते बकेटीत घेतलं. अर्धीही भरली नाही. दोन खुंट्यांमधून गेलो, करंजाला घातलं. पायजमा पाहिला, कोरडाच होता.

बकेट करंजाखाली पालथी ठेवली आणि तिला न्यायला घरी गेलो.